बेपत्ता तारवटी भावाचा हिस्सा

प्रश्न : माझा थोरला भाऊ तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. सहा वर्षांपूर्वी त्याचा शेवटचा फोन आला, त्यानंतर काही खबर नाही. गेल्या वर्षी वडील वारले. थोरला वडिलांच्या आधीच वारला असे प्रतिज्ञापत्र करून घर वाटून घेऊ, असे धाकटा भाऊ म्हणतो. मौलवी म्हणतात, शंकेने यकीन (पक्की खात्री) जात नाही. भावजय आणि पुतण्या आमच्याकडेच राहतात. मी सही करावी का? – एक भगिनी, वास्को

उत्तर : सही करू नका. जे तुम्हांला ठाऊक नाही ते शपथेवर सांगणे हा गुन्हा ठरू शकतो.

मौलवींनी सांगितलेले सूत्र फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, पाच मूळ सूत्रांपैकी आहे आणि उस्मानी काळातील 'मजल्ला' या दिवाणी संहितेचे ते चौथे कलम होते. वुजू (नमाजापूर्वीची हातपाय-तोंड धुण्याची शुद्धी) केल्याचे पक्के आठवते, तो मोडला की काय एवढीच शंका आहे, तर वुजू कायम; त्याच न्यायाने भाऊ हयात होता हे पक्के आणि मृत्यू हा तर्क, म्हणून तो हयात. मात्र हनफी या सुन्नी परंपरेतील फकीहांनी (कायदेपंडितांनी) येथे एक बारकावा ठेवला आहे, जो मला फार समंजस वाटतो : अशी मानलेली हयाती जवळचे राखण्यास पुरते, नवे मिळवण्यास पुरत नाही. म्हणून बेपत्ता माणसाची स्वतःची मालमत्ता वाटत नाहीत आणि वडिलांकडून येणारा हिस्सा त्याला लगेच न देता राखून ठेवतात.

न्यायालयात मात्र हे सूत्र थेट चालणार नाही. मुस्लिमांच्या वारशाला शरीयत लावणारा १९३७ चा कायदा गोव्यात लागू नाही. वारसा गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याने ठरतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ नुसार, ज्यांना स्वाभाविकपणे खबर लागली असती त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर माणूस हयात आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो. तुमची सहाच वर्षे झाली आहेत. शिवाय सात भरली तरी मृत्यूची तारीख गृहीत धरली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. 'वडिलांच्या आधी' हे धाकट्याला पुराव्याने दाखवावे लागेल. आणि दाखवले तरी, हनफी वाटणीत काका हयात असताना पुतण्या वगळला जातो तसे येथे होत नाही. तो बापाच्या जागी वारस होतो.

इन्व्हेंटरी अर्जात (वारस व मालमत्ता नोंदवून न्यायालयामार्फत वाटणी करण्याच्या अर्जात) भाऊ बेपत्ता आहे एवढेच लिहा, पोलीस तक्रार आणि जहाज कंपनीचा पत्रव्यवहार जोडा, आणि त्याच्या वतीने प्रतिनिधी नेमण्याची विनंती करा. तोवर घर विकू नका.