गाडी उभी असताना बघ

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

घाटंजीच्या शाखेत बदली झाली, पुण्याची खोली सोडली आणि आता गावाहूनच येणं-जाणं करणार, हे वाचून फार बरं वाटलं. पुन्हा गाडी चालवायचं मनात घेतलंस याचा आनंद तर वेगळाच. इतकी वर्षं बस आणि रिक्षात गेली, आता एकदम क्रूझर मोटारसायकल घेऊ का आणि घेतली तर कोणती, असं विचारलंस. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे गाडीचा विषय निघाला की मला थोडक्यात सांगता येत नाही, तेव्हा सवडीने वाच.

क्रूझर घ्यायला माझी ना नाही. बैठक खाली, हँडल रुंद, इंजिन शांतपणे ओढणारं. रोजच्या जाण्या-येण्याला ही गाडी चांगली. मात्र धावताना गाडी कशी वाटते हे तुला सगळेच सांगतील. तू ती उभी असताना आणि माणसाच्या चालीने सरकत असताना कशी वाटते ते बघ. बऱ्याच वर्षांनी गाडीवर बसलेला माणूस ऐंशीच्या वेगात क्वचित पडतो. तो पडतो अंगणातून गाडी मागे घेताना, पेट्रोलपंपावर वळताना, ब्रेकरवर अर्धवट थांबल्यावर. वेगात असताना गाडी स्वतःच स्वतःला सावरते. वेग गेला की ती सावरायचं काम तुझ्या पायांवर आणि क्लचच्या बोटांवर येतं, आणि एवढ्या वर्षांत नेमकी तीच सवय मोडलेली असते.

आता आकडे बघ. तू ज्या स्प्लेंडरवर शिकलीस ती ११२ किलोची, सीटची उंची ७८५ मिलिमीटर. रॉयल एनफिल्डच्या मिटिओर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटर, म्हणजे दोन सेंटिमीटर खालीच, पण वजन १९१ किलो. बजाजची ॲव्हेंजर २२० क्रूझ १६३ किलोची आणि सीट ७३७ वर. तुला व्हिडिओत आवडलेली सुपर मिटिओर ६५० बसायला आणखी सोपी वाटेल, सीट ७४० वरच आहे. पण तिचं वजन २४१ किलो. दोन स्प्लेंडर मिळून २२४ होतात. सीट खाली आहे म्हणून पाय टेकतील हे खरं, पण टेकलेल्या पायाने झुकलेली गाडी पेलेलच असं नाही. म्हणून ६५० चा विचार आत्ता सोड. तीनेक वर्षं गाडी रोज चालव, मग घ्यायची असेल तर आपण दोघं मिळून बघू.

शोरूममध्ये गेलीस की आधी इंजिन सुरूच करू देऊ नको. रोजचेच बूट घालून जा आणि टाकी भरलेली गाडी माग, कारण मिटिओरच्या टाकीत पंधरा लिटर पेट्रोल मावतं आणि त्याचंच वजन अकरा किलोच्या आसपास होतं. साईड स्टँडवरून गाडी सरळ कर. दोन्ही टाचा पूर्ण टेकतात का बघ. नुसते चवडे टेकून आपल्या रस्त्यावर भागत नाही. मग हँडल एका बाजूला पूर्ण वळव आणि लांबच्या हातात क्लच किंवा ब्रेक नीट येतो का ते तपास. रुंद हँडलच्या गाडीवर लहान चणीच्या माणसाचा हात नेमका तिथेच अपुरा पडतो. शेवटी बसल्या बसल्या पायांनी गाडी दहा पावलं मागे रेट. हे सगळं दम न लागता जमलं तरच चावी मागायची.

गाडी पडली तर उचलता आली पाहिजे, आणि ती ताकदीपेक्षा पद्धतीने उचलली जाते. आधी इंजिन बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर गिअरमध्ये टाक आणि साईड स्टँड आधीच उघडून ठेव. गाडीकडे पाठ करून बस, कंबर सीटला लाव, एका हाताने हँडलची जमिनीकडची मूठ आणि दुसऱ्याने मागची पकड धर. पाठ ताठ ठेवायची आणि छोट्या छोट्या पावलांनी मागे सरकत पायांच्या जोरावर उठायचं. माझ्याकडची सडपातळ पोरंसुद्धा अशीच उचलायची. एकदा सतरंजी टाकून घरी करून बघ.

आता आपला रस्ता. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचं डांबर लाटा धरतं आणि कडेची पट्टी खचते. समोरून ट्रक आला की तू डांबरावरून खाली उतरणार, आणि परत वर येताना त्या कडेला समांतर राहून चढायला गेलीस तर पुढचं चाक कडेला घासून गाडी आडवी होते. वेग पार कमी कर, कडेपासून थोडी लांब जा आणि तिरपं न घेता सरळ आडवं चढ. क्रूझरवर दुसरी अडचण अशी की पाय पुढे असल्याने खड्ड्यावर अंग उचलता येत नाही. स्प्लेंडरचे फूटरेस्ट खाली असतात, जरा उठलं की दणका पाय खातात. इथे तो सरळ कमरेत जातो. ॲव्हेंजरवर पाय मिटिओरपेक्षा जास्त पुढे, म्हणून आपल्या भागात मला मिटिओरची बैठक अधिक पसंत आहे. गावातले ब्रेकर हा आणखी एक मुद्दा. या दोघींच्या पोटाखाली जेमतेम १७० मिलिमीटर जागा आहे, सुपर मिटिओरच्या खाली तर १३५ च.

पावसाळ्यात वावरातून निघालेले ट्रॅक्टर चाकाचा काळा चिखल डांबरावर आणून टाकतात. थोडा पाऊस आला की त्याचं लोणी होतं. तिथे पुढचा ब्रेक, गिअर बदलणं आणि वळणं, तिन्ही गोष्टी आधीच उरकून घ्यायच्या आणि एकसारख्या गतीने सरळ निघायचं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला लोक सोयाबीन रस्त्यावर वाळत घालतात. लांबून पिवळं दिसलं की वेग कमी कर आणि त्यावर चाक घालूच नको. सांजेला कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, रस्त्यावर असतात, बहुतेकींना मागे दिवा नसतो, आणि समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर असताना त्या दिसत नाहीत. रोहीचं, म्हणजे नीलगायीचं, तर तुला सांगायला नको. एक रोही आडवी गेली की आता रस्ता मोकळा असं समजून ॲक्सिलेटर देऊ नको, मागे कळप असतो. दिवस मावळल्यावर पन्नासच्या वर जाऊ नको, बेटा. ही माझी विनंती समज.

म्हणून ब्रेक नीट बघ. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय, सक्तीचं आहे. ॲव्हेंजरला ते पुढच्या चाकापुरतं, मिटिओरला दोन्ही चाकांना. नुसतं मागचं चाक अडकलं आणि गाडी आडवी फिरली, असे प्रसंग चिखलावरच जास्त घडतात. पैसे जमत असतील तर दोन्ही चाकांचं एबीएस सोडू नको.

तेव्हा माझं मत असं. नवी घ्यायची तर मिटिओर ३५०. नोव्हेंबर २०२० मध्ये ती आली, इंजिन ३४९ सीसीचं. वीसेक अश्वशक्ती कमी वाटते, पण २७ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, मिनिटाला ४००० फेऱ्यांनाच मिळतो, म्हणजे हळू चालताना सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. नव्याने गाडी हाती घेणाऱ्याला याचा फार आधार होतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यावरच्यांना ४० टक्के लागतो. अलॉय चाकांचं मॉडेल घे, त्याला ट्यूबलेस टायर असतात. बाभळीचा काटा लागला तरी हवा हळू जाते, आणि पट्टी भरायचं सामान आणि छोटा पंप सोबत असला की पंक्चरवाल्यापर्यंत गाडी ढकलत न्यावी लागत नाही. जवळपास दोनशे किलो ढकलायचे म्हणजे काय ते उन्हाळ्यात कळतं.

पैसे कमी पडत असतील तर जुनी ॲव्हेंजर २२० मुळीच वाईट नाही, फक्त एप्रिल २०१९ नंतरची बघ. ॲव्हेंजर हे नाव २००५ पासून बाजारात आहे, तालुक्याच्या कुठल्याही मिस्त्रीच्या हाताखालून ती गेलेली असते. जुन्या गाडीत किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नको, टायरच्या बाजूवर छापलेले चार अंक वाच. २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. वरून नक्षी चांगली दिसली तरी आपल्या उन्हात पाच-सहा वर्षं काढलेलं रबर कडक होतं आणि ओल्यावर धरत नाही. ते बदलायचे पैसे सौद्यातच कापून घे. टाकीचं झाकण उघडून आत गंज आहे का बघ, कारण आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी धरतं, आणि महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी आणि रबरी नळ्या त्याने खराब होतात. आरसी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा ३५. तू बँकेतलीच, हे तुला जास्त कळतं.

लायसन्स मात्र आजच काढून बघ. गिअरच्या मोटारसायकलचं आहे ना? मुदत संपून वर्षाच्या वर झालं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

गाडी आली की लगेच घाटंजीचा रस्ता धरू नको. लिलाव नसेल त्या दिवशी बाजार समितीचं आवार सकाळी मोकळं असतं. तिथे पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, मागचा ब्रेक हलकासा धरून माणसाच्या चालीने सरळ जा. पाय खाली येऊ द्यायचे नाहीत. ते जमलं की इंग्रजी आठाचा आकडा काढ. नजर पुढच्या चाकावर गेली की गाडी तिथेच पडते, म्हणून मान वळवून जिथे जायचं तिथे बघ. क्रूझर लांब असते, तिला वळायला स्प्लेंडरपेक्षा जास्त जागा लागते, हे तुझ्या अंगाला तिथेच कळू दे. मग चाळीसच्या वेगातून थांबायचा सराव. पुढचा ब्रेक झटक्यात आवळायचा नाही, दाबत दाबत वाढवायचा. एबीएस लागलं की लिव्हर आणि पेडल थरथरतं. त्याला घाबरून ब्रेक सोडला जातो, तो सोडायचा नाही हे अंगात मुरवून घे. शेवटी मागे आईला बसवून हेच सगळं पुन्हा कर, कारण माणूस मागे बसला की गाडी वेगळीच होते.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, पूर्ण तोंड झाकणारं. उन्हाळ्यात तू स्कार्फ बांधणार, बांध, पण दोन्ही टोकं जॅकेटच्या आत खोच. ओढणी मागच्या चाकात किंवा चेनमध्ये अडकून झालेले अपघात मी पाहिलेत, त्यात गळ्यालाच फास बसतो. चैत्र-वैशाखात दुपारी बारा ते चार गाडी काढू नको. पारा पंचेचाळीसच्या घरात असताना हवेने थंड होणारं इंजिनही तापतं आणि माणूसही. आणि काळ्या मातीत गाडी लावताना साईड स्टँडखाली फळीचा तुकडा ठेव, नाहीतर स्टँड रुततो आणि परत येईस्तोवर गाडी आडवी झालेली असते.

बाबा स्प्लेंडर विकायला निघालेत म्हणतेस, त्यांना थांबव. पांदणीवर क्रूझर न्यायची नाही. ओली काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मधे भरते, चाक फिरायचं थांबतं, आणि १९१ किलोची गाडी चिखलातून एकटीला ओढून काढता येत नाही. वावरात जायला स्प्लेंडरच बरी.

समृद्धीवरून नागपूरला जायचं लिहिलंस, पण त्या महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. बुटीबोरी-वर्धा-यवतमाळचा सिमेंट रस्ता तुझ्यासाठी मोकळा आहे, पहिली लांबची फेरी तिकडेच कर. चिखलदऱ्याला भर पावसाळ्यात नको, परतवाड्याहून वर चढताना धुकं इतकं उतरतं की वळण हाताशी आल्यावर दिसतं. दिवाळीनंतर जा. क्रूझर वळणावर फार झुकत नाही, फूटरेस्ट रस्त्याला लवकर घासतात, तेव्हा वेग वळणाच्या आधीच कमी करायचा. उतरताना ज्या गिअरने चढलीस त्याच गिअरने उतर, नुसत्या ब्रेकवर राहू नको. एवढ्यात गाडी ठरली तर ट्रायलच्या आदल्या दिवशी फोन कर, मी यवतमाळला येऊन थांबतो.

तुझा,
काका