शेराचा चीक चामखिळीवर लावावा का? झाड विषारी असेल तर ते औषध कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कळमेश्वरकडच्या वावराच्या धुऱ्यावर शेराचं कुंपण आहे, आजोबा त्याचा चीक चामखिळीवर आणि दुखऱ्या दाढेत लावायला सांगतात, शेजारी मात्र झाड विषारी आहे, उपटून टाका म्हणतात. खरं कोणाचं?

खरं दोघांचंही आहे. तरी चीक लावू नका, आणि धुऱ्यावरचं कुंपण उपटायचीही गरज नाही. मी नागपुरात बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि काटोल रोडला आमच्या वावरालाही शेराचंच कुंपण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेर मूळचा आफ्रिकेतला. पानं नावालाच, त्यांचं काम हिरव्या कांड्याच करतात. काडी खोचली की लागते, मे महिन्याच्या ४५ अंशांतही हिरवी राहते आणि ढोरं-बकऱ्या तिला तोंड लावत नाहीत, ते या चिकामुळेच. त्यात इंजेनॉल आणि फोरबॉल गटातली संयुगं असतात. ती कातडीला भाजतात, पण लगेच नाही. चीक अंगावर पडला तर सुरुवातीला काहीच वाटत नाही, आग आणि फोड नंतर येतात. माणूस गाफील राहतो तो इथेच.

चामखीळ गळते कशी, तर तिथली कातडी जळते म्हणून. भोवतालची चांगली कातडीही जळते. घरात कोणाला मधुमेह असेल आणि चामखीळ पायावर असेल, तर ही जखम किती दिवस चिघळेल याचा नेम नाही. दाढेचं तर नावच नको. हिरडी सोलवटते, चीक पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात, आणि दाढेतली कीड जागच्या जागीच राहते.

पण आजोबांना अडाणी ठरवू नका, त्यांच्या पिढीचं निरीक्षण पक्कं होतं. याच कुळातल्या एका लहानशा तणाचा चीक ऑस्ट्रेलियातले लोकही कातडीवरच्या डागांना लावत. त्यातल्या इंजेनॉल मेब्युटेट या घटकाचं जेल तयार झालं आणि उन्हामुळे येणाऱ्या, पुढे कर्करोगाकडे झुकू शकणाऱ्या खरखरीत डागांसाठी त्याला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. चेहऱ्यासाठी प्रमाण होतं ०.०१५ टक्के, तेही फक्त तीन दिवस. इतकं तोलूनमापून दिलेलं औषध, तरी २०२० मध्ये युरोपात ते बाजारातून काढावं लागलं, कारण जिथे जेल लावलं तिथेच त्वचेचा कर्करोग जास्त दिसू लागला. मग धुऱ्यावरून तोडलेल्या काडीतून किती थेंब गळले आणि त्यात काय किती होतं, हे घरी कोण मोजणार?

शेराचाच भाऊबंद असलेला काटेरी निवडुंग, म्हणजे आयुर्वेदातली स्नुही, तिचंही असंच आहे. चरकसंहितेत तीक्ष्ण रेचकांत स्नुहीच्या दुधाला पहिला मान आहे, आणि नाजूक कोठ्याच्या माणसाला ते कधीही देऊ नये असंही तिथेच बजावलंय. आपल्या औषध नियमांतही विषारी आयुर्वेदिक द्रव्यांच्या यादीत तिचं नाव आहे. तिचा सगळ्यात चांगला उपयोग मला क्षारसूत्रात, म्हणजे औषधाचे लेप दिलेल्या धाग्यात दिसतो. भगंदरासाठी (गुदद्वाराजवळच्या नळीसारख्या वाहत्या जखमेसाठी) वापरायच्या जाड धाग्यावर स्नुहीच्या दुधाचे ११ लेप, मग दूध आणि आघाड्याचा क्षार यांचे ७, शेवटी दूध आणि हळदीचे ३, असे २१ लेप देतात. प्रत्येक लेप वाळल्याशिवाय पुढचा नाही. हा धागा भगंदराच्या मार्गातून ओवून बांधतात आणि ठरावीक दिवसांनी बदलतात. तो मार्ग हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं देशातल्या अनेक केंद्रांत याची शस्त्रक्रियेशी तुलना केली. बरं व्हायला वेळ जास्त लागला, पण दुखणं उलटण्याचं प्रमाण कमी निघालं. विषाचं औषध होतं ते अशा शिस्तीत, आणि ते वैद्याचं काम आहे.

आता डोळ्यांबद्दल, कारण मला खरी काळजी त्याची आहे. पावसाळ्याआधी सगळीकडे कुंपणं छाटतात. आमच्याकडे छाटताना एका गड्यानं घाम पुसायला बाही डोळ्यावरून फिरवली. बाहीला चीक लागलेला होता. दुपारी नुसती चुरचुर होती, रात्री डोळा उघडेना. डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पाहिलं, तर बुबुळावर हिरवा चट्टा चमकत होता, म्हणजे तेवढ्या भागावरचं वरचं पातळ आवरण गेलेलं. वेळेवर औषध मिळालं म्हणून डोळा पूर्ण बरा झाला. असा डोळा अंगावर काढला तर नजर कायमची अधू होऊ शकते.

चीक डोळ्यात गेला तर चोळू नका. तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याच्या धारेखाली १५-२० मिनिटं डोळा धुवा आणि दुखत नसलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांची ओपीडीही चालेल. दूध, मध, गुलाबपाणी असलं काही डोळ्यात घालू नका. कातडीवर पडला तर साबणानं धुवा. पोटात गेला तर मुद्दाम उलटी काढू नका, सरळ दवाखाना गाठा.

कुंपण धुऱ्यावर राहू द्या. घराच्या अंगणात मात्र, जिथे लहान मुलं खेळतात, तिथे शेर नको. छाटताना पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. डोक्यावरची फांदी खालून तोडू नका, थेंब तोंडावर येतात. काम संपलं की विळाही साबणानं धुऊन ठेवा. तोडलेल्या काड्या ओल्या जमिनीवर टाकल्या तर तिथेच मूळ धरतील, म्हणून उन्हात खडकावर पसरून त्या पार सुकू द्या.