बॉल पायथन दीड महिना खात नाहीये? आधी उंदीर दाखवणं थांबव

बॉल पायथन, म्हणजे तुझा पाळीव छोटा अजगर, बोरिवलीला आणून दोन महिने झाले, दीड महिना पोटात काही नाही, दर दुसऱ्या दिवशी उंदीर धरतोस आणि तो तोंड फिरवतो, वजन ६४० वरून ६२० ग्रॅम. अरे २० ग्रॅम म्हणजे काहीच नाही! या जातीचे मोठे साप काही महिने उपाशी राहून ठणठणीत असतात. अगदी पिल्लू असतं तर मलाही काळजी वाटली असती.

खरी गडबड त्या दर दुसऱ्या दिवसाची आहे. नवीन घर, हॉलमध्ये टीव्हीसमोर चारी बाजूंनी उघडी काच, त्यात कोणीतरी सारखं तोंडासमोर उंदीर नाचवतंय, लपून बसणारा प्राणी आहे तो, घाबरणारच ना. दहा-बारा दिवस उंदीर नाही, हातात घेणं नाही, फक्त पाणी बदल. काचेच्या तीन बाजूंना पेपर चिकटव आणि अंग दोन्हीकडून टेकेल अशा घट्ट दोन लपायच्या जागा दे, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. मी कुंडी आडवी कापून वापरतो, मस्त चालते.

एसी २३ वर लावून झोपतोस म्हणालास, तिथेही घोळ आहे. गरम बाजू ३१-३२ डिग्री आणि थंड बाजू २६ च्या आसपास हवी, हीट मॅट (टँकखालची विजेची गरम चटई) थर्मोस्टॅटशिवाय लावू नको, पोट भाजतं. आणि पावसाळ्यात पाणी फवारायचं वेड सोड, आपल्या मुंबईच्या हवेत आधीच इतका दमटपणा असतो की ओल्या बेडिंगवर पोटाचे खवले सडतात.

आता उंदीर. गोठवलेला मेलेला उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये वितळव, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेव, हाताला कोमट नाही तर चांगला गरम लागला पाहिजे, कारण याच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात, थंड उंदीर त्याच्यासाठी दगड. मायक्रोवेव्ह नाही, फुटतो (आमच्या आईने त्यानंतर मला किचनमध्ये यायची बंदी केली होती). दिवे बंद करून लांब चिमट्याने दाखव, नाही घेतला तर लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेवून जा, सकाळी फेकून दे. जिवंत उंदीर आत सोडून निघून जाऊ नको, तोच सापाला चावतो. डोळे निळसर दिसत असतील तर कात टाकेपर्यंत विषयच नाही.

माझा एकदा ऐन भाद्रपदात अडला होता, मी थर्मोस्टॅट बदलला, उंदराची साइज बदलली, काही फरक नाही, शेवटी कळलं की खाली चाळीच्या गेटवर रोज संध्याकाळी ढोलांची प्रॅक्टिस आणि टँक नेमका रस्त्याकडच्या भिंतीला. हादरे सापाला आपल्यापेक्षा जास्त कळतात. विसर्जनानंतर चौथ्या दिवशी गपकन घेतला.

शेजारच्या काकू दूध दे म्हणतील, हसून सोडून दे. वजन १०% च्या वर उतरलं, तोंड उघडून श्वास घेतोय, नाकातोंडातून बुडबुडे येतायत, तर थांबू नको, सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर गाठ. जबरदस्तीने तोंडात कोंबणं घरी अजिबात नको. आणि हो, परिवेश पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या वेबसाइटवर, या सापाची नोंद केलीयेस ना? ती राहिली असेल तर या दहा-बारा दिवसांत तेवढं काम उरकून टाक, नाहीतरी तुझे हात शिवशिवणारच आहेत.