फवारणीला मजूर लावला तर हातमोजे-मास्क कोणी द्यायचे?

मालकानेच. कीटकनाशक नियमावली, १९७१ म्हणते की औषध हाताळणाऱ्याच्या अंगावर संरक्षक कपडे असलेच पाहिजेत. आता दिवसाच्या रोजीवर आलेला माणूस ते कुठून आणणार? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेली होती, फवारा सरळ तोंडावर येत होता.

तोंडाला दुपट्टा गुंडाळून भागत नाही. तो ओला झाला की औषध नाकाशीच धरून ठेवतो. त्याहून वाईट म्हणजे गळका पंप. झाकणाचा वायसर गेला की पाठ भिजते आणि विष चामडीतून आत जातं, कळतही नाही. म्हणून आधी पंपात साधं पाणी भरून पाहा. फवारणी सकाळी, वारा पाठीवर घेऊन. डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल तर जास्तच जपा.

मळमळ, घाम, अंधुक दिसणं सुरू झालं तर लगेच कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि दवाखान्यात नेताना औषधाचा डबा सोबत घ्या. उपचार त्यावरच ठरतो. घरी ताक-लिंबू पाजत बसू नका.