थ्रेड लावण्याआधी जरा थांब, भो

बारा थ्रेड (एकाच प्रोग्राममधले कामाचे वेगवेगळे धागे) लावले आणि प्रोग्राम उलट हळू झाला म्हणतोस. पायथॉन आहे ना? मग नवल नाही. नेहमीच्या पायथॉनमध्ये एका वेळी एकच थ्रेड कोड चालवतो, बाकीचे जीआयएलची, म्हणजे पायथॉनच्या आतल्या एकुलत्या एक कुलपाची, वाट पाहत उभे. नुसती आकडेमोड असेल तर मल्टिप्रोसेसिंग घे, म्हणजे काम वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटून दे; प्रत्येकीचा जीआयएल वेगळा. नेटवरून फायली उतरवायच्या असतील तर मात्र थ्रेड कामाचे, कारण वाट पाहणारा थ्रेड जीआयएल सोडून देतो. भरताचं वांगं भाजत असताना आपण मिरच्या ठेचून घेतोच की.

खरा घोळ सामाईक व्हेरिएबलचा. रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी मी वजनाचा प्रोग्राम लिहिला होता. दोन काटे, दोन थ्रेड, बेरीज एकच. एकाने ५०० वाचलं, त्याच क्षणी दुसऱ्यानेही ५००च. पहिल्याने २० मिळवून ५२० लिहिलं, दुसऱ्याने ३० मिळवून त्यावरच ५३० लिहिलं. हवे होते ५५०. वीस किलो केळी गायब! आणि घरच्या लॅपटॉपवर हे एकदाही चुकलं नाही, हाच तर ताप.

वाचणं, मिळवणं, लिहिणं, तिन्ही एकाच लॉकमध्ये घाल, म्हणजे एक थ्रेड आत असेपर्यंत दुसरा बाहेर थांबेल. दोन लॉक लागले तर सगळीकडे त्याच क्रमाने घे, नाहीतर दोन्ही थ्रेड एकमेकांसाठी अडून बसतील आणि एररही दिसणार नाही.

मी तर आता क्यूच (रांग) वापरतो: काट्यांचे थ्रेड वजनं क्यूत टाकतात, बेरीज एकटा थ्रेड करतो.