दाखल्याची वाट पाहत वर्ष घालवू नका

प्रश्न : बाई, माझा मुलगा नऊ वर्षांचा, मराठी शाळेत चौथीला आहे. ह्यांचा दादरच्या फूलबाजारात हारांचा धंदा. सुट्टीत तोही तिथे बसतो. कुणाची कोणत्या दिवसाची ऑर्डर, कुणाकडून किती येणं, सगळं त्याला तोंडपाठ. पण वहीत ‘घर’चं ‘धर’ होतं, ‘भात’चं ‘मात’ होतं, पंचवीस सांगितले की ५२ लिहितो. वाचायला उभं केलं की रडतो. वर्गशिक्षिका म्हणतात, लक्ष नाही, आळशी आहे. आता शाळेने सांगितलंय, अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे त्याला वाचायला-लिहायला शिकणं जड जातं असा, दाखला आणा मग बघू, नाहीतर स्पेशल शाळेत घाला. सासूबाई म्हणतात, दाखला काढलात तर पोराला जन्माचा शिक्का बसेल. मी काय करू?
— एक आई, लालबाग

उत्तर : ताई, कुणाकडून किती येणं हे ज्याला तोंडपाठ आहे, त्या मुलाला आळशी म्हणायला मी तयार नाही.

मी एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची चौदा परळच्या एका शाळेत, रिसोर्स रूममध्ये, म्हणजे शिकताना अडणाऱ्या मुलांना वेगळं शिकवायच्या वर्गात. त्याआधी माझ्याकडून घडलेली एक गोष्ट सांगते. ‘सूर्य’ चुकला म्हणून एका मुलाला तो शब्द पन्नास वेळा लिहून आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी वही आली. पन्नासही वेळा ‘सूयर’, एकसारख्या नेटक्या अक्षरात. रात्री अकरापर्यंत लिहीत बसला होता, असं त्याच्या आईने सांगितलं. मेहनत त्याने केलीच होती. मी त्याच्याकडून चूक घोटून घेतली होती. तेव्हा तुमच्या घरी दहा-दहा वेळा लिहायला लावणं चालू असेल, तर ते आज रात्रीपासून बंद करा.

जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण मराठीबद्दल कौतुकाने म्हणतो. पण या मुलांच्या जागी बसून पाहा. ‘दिवस’ म्हणताना आधी ‘द’ ऐकू येतो, कागदावर वेलांटी त्याच्या आधी उभी. ‘सूर्य’मधला ‘र’ उच्चारायचा ‘य’च्या आधी आणि लिहायचा ‘य’च्या डोक्यावर. ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक तो एवढासाच. पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन. तुमचा मुलगा ऐकतो त्याच क्रमाने ५२ लिहितो, म्हणजे त्याचा कान चोख काम करतोय. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ असंही म्हणायची सोय दिली, तेव्हा केवढी टिंगल झाली! मला ती सोय तेव्हाही पटली होती. घरी वापरा. ‘वीस पाच, म्हणजे पंचवीस’ असं म्हणत लिहू द्या.

याला अध्ययन अक्षमता म्हणायचं का, हे पत्रावरून ठरत नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. वर्षभर फळा नीट न दिसलेली मुलं माझ्याकडे ‘ढ’ म्हणून आलेली आहेत.

आता शाळेचं. ‘दाखला आणा, मग बघू’ हा उलटा कारभार आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, आणि कलम १६ सांगतं की ती लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते बदल करायचे. हे काम सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांवर सोपवलेलं आहे, आईबापांवर नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही, ते शिक्षण हक्क कायद्यात आहे. पण ताई, कायद्याचं पुस्तक घेऊन वर्गशिक्षिकेसमोर जाऊ नका. पन्नास मुलांचा वर्ग एकटीने सांभाळणारी ती बाई आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं ठरवलं. तो शिक्षक वर्गात पोचेपर्यंत सगळा भार तिच्यावरच आहे. शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं मागून घ्या. फूलबाजारातला हिशेब तिला सांगा, तिने त्याचं ते रूप पाहिलेलंच नाही.

आणि मागणी छोटी ठेवा, तिला एवढंच म्हणा. त्याला पुढच्या बाकावर बसवा. सगळ्यांसमोर अचानक वाचायला उभं करू नका. उद्या कोणता उतारा आहे ते आज सांगा, मी घरी वाचून घेईन. परिसर अभ्यासाचं उत्तर त्याला तोंडी विचारा आणि त्यात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. फळ्यावरचं पुरं झालं नाही तर शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो मला घेऊ द्या. यातल्या एकाही गोष्टीला दाखला लागत नाही. मुख्याध्यापकांना मात्र वेगळं विचारा, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले विशेष शिक्षक आपल्या शाळेत येतात का, आणि तो अर्ज लेखी द्या.

दाखल्याचं कामही सोबतच सुरू करा, कारण त्याला वेळ लागतो. तुम्हाला सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर जवळ पडेल. शाळेचं पत्र, प्रगतिपुस्तकं आणि त्याच्या जुन्या वह्या न्या. वह्या झाकून ठेवू नका, चुकांसकट न्या. बुद्ध्यंक आणि वाचन-लेखन-गणित अशा वेगवेगळ्या चाचण्या होतात, चार-पाच फेऱ्या धरून चला. चाचणी मराठीतूनच व्हावी, हा आग्रह धरा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. आठ वर्षं पूर्ण झाल्यावर दाखला मिळतो, म्हणजे तुमची वेळ योग्य आहे.

सासूबाईंना सांगा, शिक्का त्याला आधीच बसलाय, ‘आळशी’ म्हणून. दाखल्याने तो पुसला जातो. पाहुण्यारावळ्यांना दाखला दाखवायचा नसतोच. तो परीक्षेसाठी असतो. महाराष्ट्राने १९९६ पासून या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती दिल्या आहेत, आणि त्या घेऊन पुढे शिकलेली मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

स्पेशल शाळेचं विचाराल तर, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी त्याची जागा तिथे दिसत नाही. त्याचे मित्र, त्याची गल्ली, त्याची मराठी शाळा, हे सोडवू नका.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, तिच्याकडे अध्ययन अक्षमतेचा दाखला आहे. दहावीला लेखनिक, म्हणजे ती सांगेल ते लिहून देणारं कुणी, मिळेल का? अर्ज कधी करायचा?
— एक वडील, कुर्ला

उत्तर : मिळेल. अर्ज शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे जातो. दहावीचे फॉर्म भरायची घाई सुरू होण्याआधीच दाखल्याची प्रत मुख्याध्यापकांकडे द्या आणि पोच घ्या. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून आज सातवी-आठवीत असलेलं ओळखीचं मूल आतापासून हेरून ठेवा. तासाला वीस मिनिटं जादा वेळही मागा, तीन तासांच्या पेपरला पुरा एक तास होतो.

एक गोष्ट पालक विसरतात. लेखनिकाला सांगायचं म्हणजे नुसतं उत्तर बोलायचं नाही. स्वल्पविराम कुठे, नवा परिच्छेद कुठे, आकृतीला नाव कोणतं, हे सगळं तोंडाने सांगावं लागतं, तेही शेजारच्या बाकाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. त्याची सवय लागायला महिने जातात. येत्या रविवारी तिला इतिहासाचा एक प्रश्न द्या, ती बोलेल आणि तुम्ही लिहा. मध्येच शब्द सुचवू नका.