परदेशी अभ्यासदौऱ्यात पावसाळी जंगल आणि उंच डोंगर एकत्र कुठे बघायला मिळेल?

वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासदौऱ्यासाठी उष्णकटिबंधातलं जंगल आणि उंच डोंगर दोन्ही दाखवणारी एकच जागा तुम्ही विचारली आहे. मी किनाबालू डोंगर सांगेन. मलेशियाच्या साबा राज्यात, बोर्निओ बेटावर. एम.एस्सी. करताना मी तिथे दहा दिवस होते आणि पुन्हा जायची इच्छा अजून गेलेली नाही.

शिखर ४०९५ मीटर उंच आणि जागा विषुववृत्तापासून जेमतेम ६ अंशांवर. दर शंभर मीटरला हवा साधारण अर्धा अंश गार होते. त्यामुळे किनाऱ्यावर घामाच्या धारा लागतात आणि माथ्यावर पहाटे बोटं बधिर होतात. मधल्या उंचीवर एकाखाली एक अशी कितीतरी जंगलं आहेत.

म्हणून माझा आग्रह एकच, खालून सुरुवात करा. बहुतेक लोक दोन दिवसांत शिखर करून परततात, आणि डोंगराचा सगळ्यात समृद्ध भाग त्यांच्या नजरेतून निसटतो. आम्ही आधी डोंगराच्या पायथ्याजवळच्या पोरिंगला राहिलो. तिथे आभाळाला टेकलेली झाडं, जळवा, आणि नशीब असेल तर राफ्लेशिया. पान नाही, खोड नाही, वेलीच्या आत वाढणारं परजीवी झाड आणि त्याचं प्रचंड फूल. ते फुललेलं जेमतेम आठवडाभर टिकतं. एखाद्या शेतकऱ्याच्या जागेत फुललं की रस्त्याकडेला पाटी लागते. तशी पाटी दिसली की बाकीचा कार्यक्रम बाजूला ठेवा.

पंधराशे मीटरवर किनाबालू राष्ट्रीय उद्यानाचं मुख्यालय आहे. तिथे चक्क ओकची झाडं! दोन हजाराच्या वर ढग जंगलात शिरतात, आणि प्रत्येक फांदीवर शेवाळ, नेचे, ऑर्किड लगडलेले असतात.

मला सगळ्यात भावलं ते सुमारे २७०० मीटरवर. पायाखालची माती एकाएकी तांबूस-पिवळी झाली आणि झाडं खुजी, वाकडी. उंची तेवढीच, हवा तीच. बदलला होता फक्त खडक. या मातीत निकेल, मॅग्नेशियम भरपूर आणि पोषणद्रव्यं तुटपुंजी, म्हणून इथे घटपर्णींचं, म्हणजे पानांच्या घटात कीटक पकडून पोषण मिळवणाऱ्या वनस्पतींचं, फावतं. पायवाटेलगतच नेपेंथिस व्हिलोसा ही घटपर्णी दिसली आणि मी तिथेच बसकण मारून चित्र काढलं. याच डोंगरावरच्या नेपेंथिस राजा या जातीच्या घटात दोन लिटरांहून जास्त पाणी मावतं. ट्री श्रू हा खारीएवढा प्राणी तिच्या झाकणावरचा गोड रस चाटतो आणि चाटता चाटता घटातच विष्ठा टाकतो. तेच तिचं खत.

माथा म्हणजे उघडा ग्रॅनाइट, हिमयुगातल्या बर्फाने घासून काढलेला. सकाळ चढली की ढग येतात, म्हणून रात्री अडीचच्या सुमारास निघावं लागतं. वाटाड्या सक्तीचा आहे, आणि तो असायलाच हवा. ५ जून २०१५ च्या भूकंपात इथे १८ जण गेले, त्यांत वाटाडेही होते. आमचा वाटाड्या इथल्या स्थानिक दुसून समाजाचा होता. झाडांची त्यांच्या भाषेतली नावं त्याने सांगितली, ती माझ्या वहीत आजही आहेत.

नमुने गोळा करायचे असतील तर साबा जैवविविधता केंद्राचा परवाना लागतो, तो निघण्याच्या बराच आधी मागा. परवाना नसेल तर एक पानही तोडू नका, चित्रं आणि फोटो काढा. क्वालालंपूरहून गेलात तरी साबात उतरल्यावर पासपोर्ट पुन्हा तपासतात, तेव्हा तो हाताशी ठेवा.